उताराखालची शिबंदी: जुन्या गोव्याच्या पाण्याचं प्रकरण

सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जुन्या गोव्याच्या शाही इस्पितळात पंचवीस हजार पोर्तुगीज शिपाई मेले, असा हिशेब १६३४ साली मांडला गेला. वर्षाला आठशेच्या वर. तेही फक्त इस्पितळात गेलेले; भाड्याच्या खोलीत, गलबतावर किंवा रस्त्याकडेला ज्यांचा जीव गेला ते यात धरलेले नाहीत. आदिलशाही, डच, मलबारचे चाचे असे शत्रू या फौजेला पुष्कळ होते, पण तिला सगळ्यांत महाग पडलं ते तिचं स्वतःचं शहर.

फोंड्यात पाणीपुरवठा आणि आरोग्य या दोन्ही खात्यांच्या नव्या मुलांसमोर बोलायची वेळ येते, तेव्हा मी पहिलं हेच प्रकरण काढतो. हल्लीचं एखादं घेतलं की दहा मिनिटांत गाडी कुणाची पंचायत, कुणाचा बिल्डर, कुणाचा आमदार यावर घसरते. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची बाजू घ्यायला कुणी उठत नाही. मग उतार, माती आणि पाणी यांवर डोकं शांत ठेवून बोलता येतं.

आधी त्या आकड्यातून थोडं वजा करू. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजं सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. सहा महिने खारवलेलं मांस आणि किडकी बिस्किटं खाल्लेली ही माणसं हिरड्या सुजलेल्या, पाय फुगलेल्या अवस्थेत उतरत आणि बरीचशी सरळ इस्पितळाच्या वाटेला लागत. त्या मृत्यूंचं बिल गोव्याच्या विहिरींवर फाडणं बरोबर नाही. उपदंश होता, जखमा होत्या, दारू होती. पण एवढं सगळं बाजूला काढलं तरी साथी उरतातच. १५४३, १५७० आणि १६३५ या सालच्या साथी तर शहरात स्थायिक झालेल्यांनाही घेऊन गेल्या. १५४३ च्या उलटी-जुलाबाच्या साथीचं वर्णन गास्पार कोरैया या बखरकाराने करून ठेवलं आहे. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने मोडशीची, म्हणजे पटकीसारख्या उलटी-जुलाबाची, लक्षणं अशी लिहिली की आजचा डॉक्टर वाचून लगेच सलाईनची बाटली शोधू लागेल. जहाजावरचा स्कर्व्ही सोडून हा जो दुसरा भाग उरतो, प्रकरण त्याचं आहे.

शिपाई राहत कुठे?

इथे बहुतेकांची पहिली समजूत चुकते. आपण बराक म्हटली की लांबलचक कौलारू इमारत, मध्ये कवायतीचं मैदान, कडेला संडासांची रांग असं डोळ्यांपुढे आणतो. जुन्या गोव्यातल्या साध्या शिपायाला असं काही नव्हतं. यान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने लिहिलंय की दहा-बारा शिपाई मिळून एक घर भाड्याने घेत, चांगले कपडे सगळ्यांत मिळून दोन-तीन जोड असत आणि बाहेर जायचं असेल त्याने ते अंगावर चढवायचे. जेवण एखाद्या सरदाराच्या पंगतीला, नाहीतर मठाच्या दारात. म्हणजे शहर हीच त्यांची छावणी. कुंपण नाही, स्वतःची विहीर नाही, मैला कुठे टाकायचा यावर हुकूम चालवणारा अधिकारी नाही. शेजारी जे पितील ते प्यायचं, शेजारी जे सोडतील त्यात राहायचं.

सोळाव्या शतकाच्या अखेरीला हे शेजारी काही थोडेथोडके नव्हते. मांडवीच्या काठाला धक्के, जहाजं बांधायचा कारखाना, बाजार, व्हाइसरॉयचा वाडा. तिथून दक्षिणेला आणि पश्चिमेला जमीन चढत जाते. त्या चढावर श्रीमंतांची घरं, चर्च आणि मठ. सेंट ऑगस्टीनचा तो एकटा उभा मनोरा आज आपण ज्या पवित्र टेकडीवर पाहतो, तिथे शेकडो माणसं राहतील एवढं बांधकाम होतं. मेलेल्यांना पुरायचं तेही चर्चच्या फरशीखाली आणि आवारात. शाही इस्पितळ मात्र खाली, नदीच्या अंगाला, सेंट कॅथरीनच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, परिसरात. शिपायांचा वावरही मुख्यतः खालच्या अंगालाच, कारण पगार, जहाज आणि जुगार सगळं तिथेच.

वर वस्ती, खाली फौज. एवढं डोक्यात ठेवून आता जमिनीकडे बघू.

चिरा

गोव्यात नवीन विहीर खणताना काठावर उभं राहून बघण्यासारखं असतं. वरची हातभर लाल माती गेली की चिरा लागतो, ज्याला पुस्तकात जांभा म्हणतात. काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, उन्हात राहिला की कडक होतो. ताज्या कापलेल्या चिऱ्याच्या तोंडावर बोटभर जाडीच्या नळ्या दिसतात, काही रिकाम्या, काही पिवळ्या मातीने भरलेल्या, आडव्यातिडव्या एकमेकींत शिरलेल्या. त्यावर तांब्याभर पाणी ओता. ते साठत नाही, ओघळतही नाही. थोडा बुडबुडल्यासारखा आवाज येतो आणि पाणी खाली गेलेलं असतं. अजून खाली गेलं की पांढरी-पिवळी-जांभळट शेडी लागते. हिला बोट लावलं तर लोण्यासारखं वळ उठतं. शेडी पाणी फार सोडत नाही. त्यामुळे चिऱ्यातून आलेलं पाणी तिच्या डोक्यावर अडतं आणि उताराच्या दिशेने सरकू लागतं. टेकडीच्या पायथ्याला जिथे चिऱ्याची ही कूस उघडी पडते, तिथे झर फुटते. गोव्यातल्या बऱ्याच देवळांच्या तळ्या अशाच झरींवर आहेत.

आता याच चिऱ्यात घरामागे शोषखड्डा घ्या. वर राहणाऱ्याला तो वरदान वाटतो: कधी भरत नाही, उपसायला लागत नाही, वास येत नाही. जुन्या गोव्यात हजारो घरांनी वर्षानुवर्षं तेच केलं. खड्ड्यात गेलेलं नाहीसं होत नव्हतं, फक्त पत्ता बदलत होतं. बारीक वाळू किंवा गाळाची जमीन असती तर काही अंतरात जंतू गाळले गेले असते, काही वाटेतच मेले असते. आजच्या बांधकाम नियमांत विहीर आणि शोषखड्डा यांत साधारण पंधरा मीटर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवायला सांगतात, ते मातीच्या या गाळणीवर भरवसा ठेवून. चिऱ्याच्या नळीत गाळणी कुठली! पावसाळ्यात ती नळी भरून वाहते तेव्हा पंधरा मीटर म्हणजे पाण्याला फार लांबचा प्रवास नाही. रोगजंतू भूजलात काही आठवडे सहज तग धरतात.

जुन्या गोव्याच्या ऱ्हासाबद्दल एकोणिसाव्या शतकात लिहिणाऱ्यांनीही सच्छिद्र जमीन आणि तिच्यात मुरलेला मैला हे कारण दिलं होतं. जंतू माहीत नसताना त्यांनी हे नेमकं पकडलं, याचं मला कौतुक वाटतं. फक्त त्यांनी दोष शहराच्या ‘हवे’ला जोडला. त्यांच्या आधीच्या राज्यकर्त्यांचा समजही तोच, म्हणून त्यांचे उपाय जागा, म्हणजे हवा, बदलण्याचे झाले.

पावसाळ्याचं वेळापत्रक

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हा आहे, आणि तो आरोग्याच्या कागदांत सापडत नाही, जहाजांच्या वेळापत्रकात सापडतो.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जुलैत तीच विहीर इतकी भरते की काही ठिकाणी काठावर बसून तांब्या बुडवता येतो. भूजल वर चढतं, शोषखड्ड्याच्या बुडाला भिडतं, आणि मधली कोरडी जमीन, जी थोडीफार गाळणीचं काम करत होती, तीच नाहीशी होते. दर वर्षी पाणी सगळ्यात भरपूर आणि सगळ्यात घाण एकाच वेळी असतं.

फौजेचं काय? समुद्र मोकळा असेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, शिपाई आरमाराबरोबर मलबार आणि गुजरातच्या किनाऱ्यावर. पावसाळा लागायच्या आधी सगळी आरमारं गोव्याला परत. मग चार महिने काम नाही, पगार नाही, दहा जण एका घरात. सप्टेंबरात शेवटच्या पावसाच्या सरी चालू असतानाच लिस्बनची जहाजं आणखी शेकडो अशक्त माणसं आणून ओतणार. म्हणजे विहिरी सगळ्यात खराब असतात नेमक्या त्या महिन्यांत शहरातली शिपायांची संख्या वर्षातली सर्वाधिक, आणि त्यांची ताकद सर्वांत कमी. ज्याने कुणी हे वेळापत्रक ठरवलं त्याने वाऱ्याचा विचार केला होता, आणि शिडाच्या जहाजांना दुसरा इलाजही नव्हता. पण इस्पितळ दर पावसाळ्यात का भरतं, याचं अर्धं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

नदीचं पाणी का प्यायले नाहीत, असं कुणीतरी हमखास विचारतं. मांडवी भरतीची नदी आहे. उन्हाळ्यात खारं पाणी जुन्या गोव्याच्या कितीतरी वरपर्यंत चढतं. पावसाळ्यात ती गोडी होते, पण तेव्हा लाल गाळाने भरलेली असते आणि धक्क्यावर शहराचा सगळा उकिरडा तिच्यातच.

खाजनं आणि करमळीचं तळं

विहिरींइतकंच महत्त्व आजूबाजूच्या शेतीला द्यावं का, याबद्दल मी जरा हात राखून बोलतो. शहराच्या भोवती खाजनं होती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती. जवळच करमळीचं तळं: पावसाळ्यात भरायचं आणि पुढे त्याचं पाणी खालच्या वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताला सोडायचं. आज पक्षी बघायला माणसं तिथे जातात. जुन्या काळी तापांचा संबंध अशा साचलेल्या पाण्याशी जोडला जाई, दलदलीतून उठणारी वाफ वगैरे. डासाची भानगड उघडकीला आली ती १८९७ मध्ये रॉनल्ड रॉसच्या हातून. पण गोव्याच्या शहरी मलेरियात नंतर जो डास मुख्य ठरला, अॅनॉफिलिस स्टीफेन्सी, त्याला भातशेतीपेक्षा विहीर, टाकी, हौद असलं स्वच्छ दिसणारं पाणी जास्त आवडतं. त्यामुळे खाजनांवर सगळा दोष टाकताना जरा थांबायला हवं. घरोघरची उघडी विहीर बुडातून मैला घेत होती आणि वरून डास देत होती, ही शक्यता मला अधिक पटते. शहर ओस पडू लागल्यावर तर पडक्या वाड्यांच्या मागे न उपसलेल्या विहिरी तशाच राहिल्या. विसाव्या शतकात जंतुशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो यांना जुन्या गोव्यात मलेरियाविरोधी मोहीम चालवावी लागली. तेव्हा तिथे ना फौज होती, ना बाजार.

बायंगिणीचं विकतचं पाणी

शहरातल्या लोकांना आपल्या विहिरींबद्दल काहीच कळत नव्हतं असं मात्र नाही. लिन्सखोटेन सांगतो की विहिरीचं पाणी धुण्या-सवरण्याला वापरत आणि पिण्याचं पाणी शहराबाहेरच्या बायंगिणीच्या झरीवरून येई. गुलाम मडकी भरून आणत आणि रस्त्यावर विकत.

या एका वाक्यात सगळा आर्थिक हिशेब आहे. झर शहराबाहेर, तिच्या डोक्यावर दाट वस्ती नाही, म्हणून पाणी बरं. ज्याच्या घरात गुलाम आहे त्याला ते फुकट. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला विकत. आणि चार महिने पगार न मिळालेल्या, दोघा-तिघांत एक सदरा असलेल्या शिपायाला? तो मागच्या अंगणातल्या विहिरीत घागर सोडणार. जमिनीच्या वापराचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. पैसेवाला शहराच्या बाहेरचं पाणी विकत घेऊन स्वतःपुरता शहराबाहेर राहतो.

एकदा माझ्या समोर एक निवृत्त सुभेदार बसले होते, मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य काढलेले. त्यांना राहवेना.

“साहेब, उकळून प्यायचं ना! आमच्यात तर पाणी तपासल्याशिवाय लंगरात भांडं चढत नाही.”

“सुभेदारसाहेब, तुम्हाला ते शिकवलं कुणी?”

“रेजिमेंटने. पण रेजिमेंटलाही कुणीतरी शिकवलंच असेल.”

अगदी बरोबर. पाण्यातून कॉलरा पसरतो हे जॉन स्नोने लंडनमध्ये मांडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने पक्का केला १८८३-८४ मध्ये. शिवाय दहा माणसांचं पाणी रोज उकळायचं तर पावसाळ्यात सुकी लाकडं कुठून आणायची, हा प्रश्नही होताच.

उपाय: इस्पितळ, मग स्थलांतर

राज्यकर्त्यांनी काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. इस्पितळावर त्यांनी पैसा ओतला. फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल १६०८ मध्ये तिथे रुग्ण म्हणून दाखल झाला होता आणि त्याने त्या इस्पितळाची भरभरून स्तुती केली आहे: स्वच्छ चादरी, रोजची वैद्याची फेरी, चिनी मातीची भांडी. रोग्याला जगात उत्तम भांड्यात जेवण मिळत होतं. बाहेर पडल्यावर तो त्याच विहिरीवर जात होता.

नंतर आली जागा बदलण्याची कल्पना. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने शहराजवळचं जुवें बेट घेतलं आणि शहराचा जीव टांगणीला लागला. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर जिवावर बेतून परतला. त्यानंतर लगेच राजधानी मुरगावला न्यायचं ठरलं, त्यात संरक्षण आणि आरोग्य ही दोन्ही कारणं होती. कामाला सुरुवात झाली, पैसा गेला, अखेर बेत सोडून द्यावा लागला. १६९५ मध्ये व्हाइसरॉय स्वतः शहराबाहेर पणेलीला राहायला गेला. १७५९ मध्ये पणजीत, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. म्हणजे शहराच्या मालकानेच शहर सोडलं. मधेच, १७७० च्या दशकात, लिस्बनहून जुनं शहर पुन्हा उभारण्याचा हुकूम आला. पडझड साफ करणाऱ्या मजुरांतच एवढी माणसं दगावली की ते काम गुंडाळलं गेलं. शंभर वर्षं अर्धवट ओस पडलेल्या जमिनीतही रोगराई टिकून होती. त्यात मैल्याचा वाटा किती आणि पडक्या विहिरींतल्या डासांचा किती, हे वेगळं काढता येत नाही, पण माझा कौल डासांकडे झुकतो.

(व्यापार डचांनी तोडला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, माणसं पळवली, ही कारणं खरीच आहेत. शहर केवळ विहिरींमुळे पडलं असं मी म्हणत नाही. मी फक्त फौजेच्या आरोग्याबद्दल बोलतोय.)

तुलनेला आग्वाद

एखाद्या प्रकरणात तुलनेला दुसरी जागा मिळाली तर बरं असतं. इथे ती आयती आहे. आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला, म्हणजे इस्पितळातल्या त्या तीस वर्षांच्या बरोबर मधे. तोच चिरा, तोच पाऊस, तेच राज्य. किल्ल्याच्या पोटात खांबांवर तोललेली, वरून झाकलेली पाण्याची टाकी आहे. तिची क्षमता २३,७६,००० गॅलन सांगतात. येणारी-जाणारी जहाजं इथल्या झरीवर पिंपं भरून घेत. आज पर्यटक टाकीच्या छतावर उभे राहून फोटो काढतात, पायाखाली काय आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

फरक एवढाच की आग्वाद हे समुद्रात घुसलेलं टोक आहे. टाकीच्या वरच्या अंगाला कुणाचं घर नाही, मठ नाही, कबरस्तान नाही. पाऊस जिथे पडतो ती जमीन किल्लेदाराच्याच हातात. टाकी झाकलेली, त्यामुळे कचरा पडायला वावच नाही. गाळाचा, उपशाचा, पहाऱ्याचा अधिकार एकाच माणसाकडे. तिथले शिपाई अमर होते असं नाही. पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या कप्तानांनी पाणी भरायला राजधानीची विहीर न निवडता हे टोक निवडलं, यात त्यांचं मत आलंच.

पणजीत काय झालं

फौज पणजीत आली तेव्हा पणजी म्हणजे माडांची राई, खाजनं आणि दलदल. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांनी भर घालून ती जमीन उंचावली, सरळ रस्ते आखले आणि नदीच्या अंगाला लांबच लांब बराक बांधली. त्याच इमारतीच्या वेगवेगळ्या भागांत आज पोलीस मुख्यालय आणि मिनेझिस ब्रागांझा संस्था आहेत. सैनिकी अकादमीही इथलीच, आणि १८३२ साली सुरू झालेलं सार्वजनिक ग्रंथालयही. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

पाणी कुठून? पुन्हा झरीच. आल्तिन्होच्या टेकडीच्या पायथ्याशी बोका द व्हाका आणि मळ्यातली फोन्त फेनिक्स. टेकडी तेव्हा बरीचशी मोकळी. म्हणजे या वेळी फौज झरीच्या खाली होती आणि झरीच्या डोक्यावर कुणी नव्हतं, जुन्या गोव्याच्या अगदी उलट. पण ही स्थिती कुणी राखून ठेवली नव्हती, ती फक्त अजून बिघडलेली नव्हती. पुढे आल्तिन्होवर घरं चढली, खाली शहर दाटलं, सांतइनेजचा खाडीचा फाटा सांडपाण्याचा नाला झाला. शहराला फोंड्याजवळच्या ओपाहून नळाचं पाणी मिळालं ते १९५७ मध्ये, मलवाहिन्या त्याहून उशिरा, मुक्तीनंतर. झरी पिण्यातून सुटल्या, म्हणून जुन्या गोव्याची पुनरावृत्ती झाली नाही. डासांनी मात्र आपली बाजू सोडली नाही. १९८६ पासून पणजीत मलेरिया पुन्हा उसळला, कारण बांधकामं, त्यांच्या तळाच्या टाक्या, स्लॅबवर साचवलेलं पाणी आणि वापरातून गेलेल्या विहिरी. तेव्हा विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक मासे सोडून आणि मजुरांची आरोग्यकार्डं काढून तो आटोक्यात आणावा लागला.

आता सीमेपलीकडे बघा. १८५९ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश आयोगाला दिसलं की हिंदुस्थानातले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते, आणि त्यातले बहुतेक रोगाने. मग १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा आला. शेजारच्या बेळगावसारख्या छावण्यांत बाजार कुठे भरणार, संडास कुठे बांधणार, कोण विहिरीजवळ गुरं बांधणार, यावर लष्कराचा थेट अंमल बसला. त्या कायद्यात वंशभेद ठासून भरला होता, बाजारातल्या गरिबांना त्याचा जाच झाला. पण पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं जी गोष्ट केली नाही ती त्यात होती: शेजारच्या जमिनीला हात घालणं.

आज हेच तपासायचं झालं तर

समजा, आजच्या गोव्यातल्या एखाद्या लष्करी ठाण्यात कावीळ किंवा जुलाबाचे रुग्ण वाढले. पहिल्या दिवशी काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं: नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक आहे का, टाक्या उपसा, नमुने प्रयोगशाळेला. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडता कामा नये. हाताशी एच-टू-एसच्या बाटल्या असतात. पाणी भरून खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी झाली की समजायचं, मैल्याचा शिरकाव आहे. बाटली काळी झालेली बघितली की सगळ्यांचा पहिला हात ब्लीचिंगच्या पिशवीकडे जातो.

मी मुलांना सांगतो, त्याच दिवशी कुंपणाबाहेर पडा. नकाशा घ्या, ठाण्याच्या विहिरीपासून वरच्या अंगाला चाला. चिरेखाण सोडून गेलेला खड्डा कचऱ्याने भरतोय का? नवीन इमारतीचा शोषखड्डा कुठे आहे? न्हाणीचं पाणी कुठे जातं? दोन जागांचा संबंध आहे असं वाटलं तर वरच्या खड्ड्यात मीठ किंवा रंग सोडून खाली विहिरीत बघता येतं. चिऱ्यात हा प्रयोग जुलैत करायचा. एप्रिलमध्ये केला तर उत्तर ‘संबंध नाही’ असं येतं आणि ते खोटं असतं.

चिरा काय वाहून नेतो याचा ताजा दाखला दाबोळी भागातला. तिथे जमिनीखालच्या वाहिनीतून पेट्रोलियम गळलं, ते आसपासच्या विहिरींत उतरलं आणि एका विहिरीने पेट घेतला. जे इंधन नेतं ते मैलाही नेतं, फक्त मैल्याला आग लागत नाही म्हणून बातमी होत नाही.

आजची ठाणी बहुतेक पठारांवर आहेत, बांबोळी, दाबोळी. पठारावर वरचा शेजारी नसतो, ही मोठी सोय. पण पठार सगळं लष्कराचं नाही. बाजूलाच सपाट जमिनीवर सदनिका उठत आहेत, आणि सपाट जागी भूजल कोणत्या बाजूला सरकतं हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शिवाय पठारावरच्याने काय सोडलं ते पायथ्याच्या गावाच्या झरीत उतरतं, तेव्हा ठाणंही कुणाचा तरी वरचा शेजारी असतंच.

अधिकाराचं कोडं मात्र जुन्या गोव्यापेक्षा फारसं सुटलेलं नाही. गोव्यात छावणी मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) एकही नाही. १९०३ चा संरक्षण कामांचा कायदा शेजारच्या बांधकामावर बंदी घालू शकतो, पण तो सुरक्षेपोटी: उंची, अंतर, दृष्टीचा टप्पा. शोषखड्डा त्यात बसत नाही. बांधकामाचा परवाना पंचायतीचा, जमिनीचा विभाग नगरनियोजन खात्याचा, विहिरीची नोंद २००२ च्या भूजल कायद्याखाली, आणि शेतजमिनीचा वस्तीत बदल नगरनियोजन कायद्याखाली तुकड्या-तुकड्याने होतो, तेव्हा शेजारच्या ठाण्याला पाण्याबद्दल विचारावं असं त्यात कुठेही सक्तीने लिहिलेलं नाही. ठाण्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने हरकतीच्या मुदतीत सरपंचांना आणि नगरनियोजन कार्यालयाला साधं पत्र लिहावं, उताराचा नकाशा जोडून, एवढंच सध्या हातात आहे. अशी पत्रं फार कमी लिहिली जातात. ठाण्यात बदली तीन वर्षांनी होते, शोषखड्डा तिथेच राहतो.

आणि बायंगिणी? ज्या गावच्या झरीने जुन्या गोव्याला प्यायचं पाणी पुरवलं, त्याच गावात कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव गेली कित्येक वर्षं आहे आणि गावकरी त्याला विरोध करत आले आहेत. प्रकल्प चांगला चालेल की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. तिथला चिरा किती खोल आहे, शेडी कुठे लागते आणि पावसाळ्यात पाणी कुठल्या अंगाला सरकतं, हे तीन आकडे आधी टेबलावर ठेवून मग भांडावं, असं माझं म्हणणं आहे.